मामांच्या घरचं मतदान

इतरांचे जावई पसंत पडतात, मी मात्र निवडून आलोय. जळकोटजवळच्या खेड्यातले माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, यांच्याइतका मतदानवेडा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. बुद्धाच्या तसबिरीखाली सगळं घर बसवायचं आणि म्हणायचं, "हात वर करा." म्हैस विकायची का, भाजी कशाची करायची, सगळं असंच ठरे. आमचं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं, तर पंगतीला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर का भात, यावरही हात वर झाले. माझ्या विरोधात एक मत पडलं होतं; ते कुणाचं, हे मामींकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, बघितलं की कळायचं. भाजीच्या मतदानात मामा कायम पडायचे आणि गुमान दोडका खायचे. "आमच्या बापजाद्यांला कुणी काही इचारलं न्हाई," म्हणायचे, "म्हणून मी समद्यांला इचारतो."

मग आणीबाणी आली. निवडणुका पुढं गेल्या, चार माणसांनी एका जागी बोलायची चोरी झाली. मामांनी काय करावं? बाजारच्या दिवशी भर हॉटेलात विचारलं, "आणीबाणी कुणाकुणाला पायजे? हात वर करा." लोकांनी कपबशा दोन्ही हातांनी गच्च धरल्या. दुसऱ्या दिवशी फौजदार दारात. "पुन्हा असं करणार न्हाई, एवढं लिहून द्या. न्हाईतर चला." मामा म्हणाले, "घरात इचारून सांगतो." फौजदार बिचारा ओट्यावर टेकला.

लिहून द्यावं का? सगळे हात वर गेले, माझाही. मामींचा सगळ्यांत आधी. उभ्या जन्मात मामांनी पहिल्यांदा बहुमत मोडलं. "भ्यानं वर झालेले हात मी मोजत न्हाई," म्हणाले, आणि पिशवीत धोतर कोंबून फौजदाराबरोबर तुरुंगात गेले.

सुटून आले तेव्हा निवडणुका जाहीर झाल्या होत्या. चहाच्या आधी तोच प्रश्न पुन्हा घरापुढं ठेवला: तवा लिहून द्यायला पायजे हुतं का? या खेपेला एकट्या मामींचा हात वर आला.

"आता कशाचं भ्याव?" मामांनी विचारलं.

"तवाबी न्हवतं," मामी म्हणाल्या. "मला तुमी घरात पायजे हुता."

"मंग ह्यो हात मोजायला पायजे हुता," मामा एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मोजायच्या आधी प्रत्येक हाताला "का?" विचारायची रीत पडली आणि आमची जेवणं उशिरा होऊ लागली. लातूर नवा जिल्हा झाला, पुढं पुन्हा पाणी आटलं, तेव्हा वस्तीवर टँकर आधी कुणाच्या दारात, हेही असंच ठरलं. बायाही हात वर करून कारण सांगू लागल्या. ते बघून जिवाला फार बरं वाटायचं.

मामा आता नाहीत. परवा माझ्या मुलीला आलेल्या स्थळावर मतदान झालं. मामींचा सुरकुतलेला हात वर गेला, विरोधात. कुणी मोजायच्या आधी माझी मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "का गं, आजी?"