पत्रिकांच्या मशीनमधला माझा हिस्सा

साताऱ्यात आमचं पत्रिका छापायचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. दुकानात एकच कॉम्प्युटर. त्यावर दिवसभर आमचे हे पत्रिका जुळवायचे: लग्न, मुंज, वास्तुशांत, आणि दसऱ्याच्या आधी नव्या दुकानांची उद्घाटनं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि मी इतकी दमलेली असायचे की भाजी निवडता निवडता डोळा लागायचा.

दमायला कारण होतं. सांगलीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरचा पुढचा अभ्यास मी लग्नाआधी सुरू केला होता. शेवटचा प्रकल्प तेवढा राहिला. एकदा लग्नामुळे हुकला, एकदा बाळंतपणामुळे. आता दिवाळीच्या आत दिला नाही तर नोंदणीच रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला मला या घरातून कुणी सोडणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुकानातलं मशीन डॉस या प्रणालीवर चालायचं, आणि प्रकल्प लिनक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीवर करायचा होता. मिरजेच्या मैत्रिणीकडून फ्लॉप्यांचा गठ्ठा आणला आणि ह्यांच्याकडे डिस्कचा थोडा हिस्सा मागितला. भावाकडे जमिनीचा हिस्सा मागताना इतकं अवघड वाटलं नसतं. हे म्हणाले, "घे की. पण बटण दाबलं की माझंच सुरू झालं पायजे. गिऱ्हाईक उभं असतंय."

मग तशीच सोय केली. डिस्कचे दोन भाग, मोठा ह्यांच्या डॉसचा, लहान माझ्या लिनक्सचा. बटण दाबलं की डॉस यायचं. माझं काम सगळं माझ्या भागात, पण लिनक्सला उठवणारी एक फाइल मात्र ह्यांच्या भागात. डॉसमध्ये बसून एक शब्द टाईप केला की ती फाइल चालायची, डॉस बाजूला व्हायचं आणि माझं काम समोर यायचं. घर माझं, पण वाट ह्यांच्या अंगणातून. दुपारी दुकान मिटलं, बाळ निजलं, की मी बसायचे. त्या वेळेला आळीतल्या बायका जरा पाठ टेकायच्या. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा.

दसरा जवळ आला की सासूबाईंच्या अंगात यायचं. गोधड्या, डबे, माळा, काही सुटायचं नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, म्हणून ह्यांनीही मशीन आवरायला घेतलं. आधी बाहेरून पुसलं, मग आतूनही. उद्घाटनांच्या पत्रिकांनी डिस्क भरत आली होतीच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझा शब्द टाईप केला. काही झालं नाही. परत केला. तेवढ्यात हे आतून आले. इथली एक फाइल दिसत नाही, म्हटलं.

"ती फाइल व्हय? आवरताना दिसली. लय मोठी हुती. ना गिऱ्हाइकाची, ना माझी. काढून टाकली."

"आवं, ती माझी होती!"

"मग सांगायचं न्हाईस का? मला कसं कळणार?"

तेही खरंच. राग कुणावर काढावा तेच कळेना. डॉसमध्ये पुसलेली फाइल परत आणायची सोय होती, नावाचं पहिलं अक्षर तेवढं विचारायचं. मी दिलं. पण तोवर तिच्या जागेवर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पत्रिकेवरचा गणपती येऊन बसला होता. मैत्रिणीचा गठ्ठा केव्हाच परत गेला होता. अडीनडीला लिनक्स उठवायला म्हणून जपलेली एक फ्लॉपी होती, तीही ह्यांनी कोरी करून गिऱ्हाइकाला मजकूर भरून दिलेली. आत माझं काम शाबूत असणार, हे मला कळत होतं. पण डॉसला माझा हिस्सा दिसतच नसे. त्याच्या लेखी तिथे काही नव्हतंच.

खंडेनवमीला सकाळी बाळाला सासूबाईंपाशी ठेवून मी एस.टी.नं मिरजेला निघाले.

"सणासुदीचं कुठं निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"फ्लॉपी आणायला."

त्यांना काय कळलं देव जाणे. इस्लामपूरपर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली. मैत्रिणीनं फ्लॉपी दिली, चहा दिला, "किती वाळलीस गं," म्हणाली. संध्याकाळी घरी आले तर मशीनला झेंडूचा हार आणि पडद्यावर हळदीकुंकू. पुजलेल्या मशीनला त्या दिवशी हात लावायचा नाही. मी लावला नाही.

दसऱ्याला हे सोनं वाटायला बाहेर पडले तेव्हा बसले. फ्लॉपीवरून मशीन उठलं आणि माझी एकेक फाइल दिसायला लागली. आनंद झाला म्हणावं तर तेवढं त्राणच नव्हतं. पण ती वाट पुन्हा ह्यांच्या अंगणातून काढायची माझी छाती नव्हती. म्हणून बटण दाबल्यावर कुणाचं सुरू करायचं, हे मशीननंच आधी विचारावं असं करून टाकलं. इंग्रजी अक्षरांत दोन नावं दिली, 'पत्रिका' आणि 'अभ्यास'. उत्तर मिळेपर्यंत त्यानं थांबायचं, आपल्या मनानं काही सुरू करायचं नाही. ह्यांची अट मी सरळ मोडली होती. भांडणात काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. दुकानातून हाक आली, "आगं, ह्यो कायतरी इचारतोय. काय सांगू?"

मी तशीच बाहेर गेले. पडद्यावर दोन नावं होती आणि हे ती वाचत बसले होते. मी भांडायला तोंड उघडणार, तोच ह्यांनी विचारलं, "तुझं किती राहिलंय अजून?"

लग्न होऊन आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. ठरवलेलं सगळं भांडण विसरले आणि मला रडूच आलं.

"सात-आठ दुपारी लागतील," मी कशीबशी म्हणाले.

"मग दुपारची वाट कशाला बघतीस?" हे खुर्चीतून उठले. "बस आता. पत्रिकेचं बघू जेवण झाल्यावर."

मी बसले, आणि कणीक लागलेल्या बोटांनी 'अभ्यास' असं टाईप केलं.