काकाजींचा कॅमेरा प्रोबेशनवर

माणसाला एका जागी उभं करून तिथंच जुनं करून टाकण्याची जी ताकद माझ्या काकाजींच्या कॅमेऱ्यात होती, ती पुढं आयुष्यात मला फक्त सरकारी कचेऱ्यांमध्ये आढळली. भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये त्या काळी असं एकही मराठी घर नव्हतं, ज्यातलं कोणी ना कोणी काकाजींसमोर उभं राहून अवघडलं नव्हतं. लोक सांगत की शेजारचे एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांच्यापुढं गुळगुळीत दाढी करून बसले आणि फोटोत त्यांना खुंट आलेले निघाले. हे खोटं आहे. मी स्वतः तो फोटो पाहिला आहे. खुंट नव्हते. बसायला आले होते त्यापेक्षा ते थोडे वयस्कर दिसत होते, इतकंच.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भंडाऱ्याकडून ऐन विशीत भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये मीटर तपासण्याच्या खात्यात चिकटले. भट्टीची उष्णता दाखवणारी मीटरं बरोबर दाखवतात की नाही, हे दुसऱ्या मीटरनं तपासायचं, आणि मग ते दुसरं मीटर बरोबर आहे की नाही ते तिसऱ्यानं, असं ते काम. तीस वर्षं हे केल्यावर जगातलं कोणतंही यंत्र आपणहून खरं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं. घरात तीन घड्याळं होती आणि काकाजी तिन्ही पाहून, मनाशी काही हिशेब करून, चौथीच वेळ सांगत. कोणाला ताप आला तर आधी त्याच थर्मामीटरनं स्वतःचा ताप पाहत. दुर्ग स्टेशनावरच्या वजनाच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटाच्या मागं त्यांनी पेननं 'अमान्य' लिहून खाली सही केलेली मी पाहिली आहे. मला शाळेत मास्तरकी मिळाली आणि क्वार्टर मिळेपर्यंत मी त्यांच्याकडे राहिलो. क्वार्टर मिळायला तीन वर्षं लागली, म्हणून हे सगळं मला सांगता येतं.

त्यांचा पहिला कॅमेरा मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरकडून घेतलेला होता. रणगाडे करून उरलेल्या लोखंडाचा तो केला असावा. गळ्यात अडकवला की काकाजी कंबरेतून पुढं झुकत आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहत. त्याच्या भिंगाभोवती एक कडी होती. ती फिरवून समोरचं चित्र स्पष्ट करून घ्यायचं, एवढीच बाकीच्या जगाची रीत. काकाजींना ती मंजूर नव्हती. आधी ते डोळ्यानं अंतराचा अंदाज करत, मग काकूंच्या शिवणकामाची टेप कॅमेऱ्यापासून समोरच्याच्या नाकापर्यंत धरून मोजत, मग भिंगावर कोरलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहत आणि शेवटी कडी फिरवून डोळा लावत. एवढ्यात समोरचा माणूस श्वास घेई, नाक अर्धा इंच पुढं येई, आणि टेप पुन्हा बाहेर निघे. "श्वास सोडून उभा राह्य," ते सांगत. "घ्यायचा तं मांगून घे."

आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी विसर्जनाआधी सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. गणपती ट्रकवर चढलेला, त्याच्यासमोर चाळीस माणसं तीन रांगांत. काकाजींनी अध्यक्षांचं नाक पक्कं केलं आणि ते कडी फिरवू लागले. ट्रकच्या ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, बराच वेळ वाट पाहून तो ट्रक घेऊन तलावाकडे निघून गेला. आमची तोंडं कॅमेऱ्याकडे, आणि हलायची मनाई. आणि ढोल तर चालूच होते. फोटो निघाल्यावर मागं पाहिलं तर रिकामा रस्ता. काकाजींना विचारलं की तुम्हाला तरी समोर दिसत होतं ना, तर ते शांतपणे म्हणाले, मागं जरा मोकळं झालं एवढं दिसलं, आणि ते बरंच वाटलं. तो फोटो मंडळाच्या खोलीत पुढं कित्येक वर्षं लावलेला होता. चाळीस माणसं हात जोडून विजेच्या खांबासमोर उभी आहेत. नाकं मात्र चाळीसही स्पष्ट.

नव्वद सालच्या आसपास त्यांचे जावई मस्कतहून सुट्टीवर आले आणि सासऱ्यांसाठी नवा कॅमेरा घेऊन आले. स्वतःच फोकस करणारा. काळा, हलका, प्लास्टिकचा. बटन हलकं दाबलं की आत कुठंतरी घिर्र होई, भिंग आपोआप पुढंमागं सरके आणि चित्र लख्ख. जावई मोठ्या हौसेनं दाखवत होते. काकाजींनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि अंतर कोण मोजतं म्हणून विचारलं. जावई म्हणाले, तोच मोजतो. "आणि त्याचं कोण तपासते?" काकाजींनी विचारलं. मस्कतमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

काकाजींनी कॅमेऱ्याला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. ही माझी गंमत नाही. त्यांनी त्याच्यासाठी वेगळी वही केली, तिच्यावर 'नवीन' असं लिहिलं आणि रोज संध्याकाळी जनरल शिफ्टहून आल्यावर चहा पिऊन त्याची परीक्षा सुरू केली. क्वार्टरसमोरच्या मैदानात आम्हाला निरनिराळ्या अंतरांवर उभं करत. आधी स्वतः अंतर सांगत, मग कॅमेऱ्याला विचारत, मग टेप. समोरच्या क्वार्टरमधले बंगाली बाबू, रस्त्यानं जाणारी भाजीवाली, सायकलवरून उतरलेला पोस्टमन, कोणालाही पकडून उभं करत. भाजीवालीनं तिच्या छत्तीसगढीत काकूंना विचारलंसुद्धा, "बबा का नापत हे, बाई?" काकू म्हणाल्या, जमीन मोजतात.

पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्यानं काकाजींना सातदा हरवलं आणि काकाजी जेवले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी त्याला चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपुढं धरलं. कोऱ्या भिंतीवर त्याला धरायला काही सापडेना. घिर्र पुढं, घिर्र मागं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. काकाजींचा चेहरा उजळला. आकाशावर तो नापास झाला, काकूंच्या भाताच्या परातीवर झाला, बंगाली बाबूंच्या पांढऱ्या सदऱ्यावरही झाला. पण त्यांची चौकड्याची लुंगी समोर येताच घिर्र-खट्, पहिल्या झटक्यात पास. काकाजींनी वहीत शेरा लिहिला, 'हुशार आहे, पण चौकडा लागतो.' त्यानंतर दोन महिने आमच्याकडे ज्याचा ज्याचा फोटो निघाला, त्याच्या हनुवटीखाली चौकड्याचा टॉवेल धरलेला आहे. न्हाव्याच्या खुर्चीतून उठवून आणल्यासारखे सगळे दिसतात.

मग रिसालीला एक साखरपुडा झाला. मुलगा-मुलगी शेजारी शेजारी बसलेली आणि काकाजींनी कॅमेरा बरोबर दोघांच्या मधोमध धरला. मधल्या फटीतून वीस फुटांवर सोफ्यावर मुलीचे आजेसासरे तोंड उघडं टाकून झोपले होते. फोटोत ते इतके स्पष्ट आले की त्यांच्या वरच्या दाढा मोजाव्यात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना धुक्याचे दोन खांब. कॅमेरा मधल्या ठिपक्यावर जे असेल तेच पाहतो, हा शोध काकाजींना त्या दिवशी लागला. आधी ठिपका नाकावर ठेवायचा, बटन अर्धंच दाबून धरायचं, मग कॅमेरा हवा तसा वळवून उरलेलं दाबायचं. ही अर्ध्या बटनाची विद्या हाती आली आणि काकाजींचा एका दिवसात धर्म बदलला.

ज्या माणसाला एक रोल संपवायला सहा महिने लागत, तो एका रविवारच्या सकाळीच छत्तीस फोटो काढू लागला. कावळा बसायच्या आत कावळ्याचा फोटो निघे. दुधवाला फाटक उघडतोय, खट्. मी दात घासतोय, खट्. बादली निसटली, पडली, काकू ओरडल्या, तिन्हींचे तीन वेगळे फोटो. पूर्वीच्या अल्बममध्ये सगळे थकलेले दिसत, नव्या अल्बममध्ये सगळे दचकलेले. काकाजी प्लांटमध्ये सांगत फिरत की तीस वर्षांत पहिलं यंत्र भेटलं ज्याला तपासावं लागत नाही. प्रोबेशन तीन महिन्यांतच संपवलं. रशियन कॅमेरा कापडात गुंडाळून लोखंडी कपाटावर गेला.

आता काकूंचं सांगतो. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की काकाजी मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाजवळ स्टूल मांडत आणि त्यावर काकूंना बसवून एक फोटो काढत. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा हा शिरस्ता. टेप, नाक, कडी, सगळं धरून वीस मिनिटं सहज जात. या वीस मिनिटांत काकू आठवड्याचं सगळं सांगून टाकत. कोणाची बदली झाली, कोणती सून माहेरी गेली, यांनी भावाच्या पत्राला उत्तर कसं दिलं नाही. एरवी काकाजींना असं पकडणं अशक्य. पण कॅमेऱ्याला डोळा लागलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. ते "हं" म्हणत आणि कडी केसभर फिरवत.

रशियन कॅमेरा कपाटावर गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काकू पदर सारखा करून बसल्या, "परवा का नाही…" एवढं बोलल्या, आणि घिर्र-खट्. झालं, ऊठ, असं म्हणून काकाजी सरड्याच्या मागं गेलेसुद्धा. काकू थोडा वेळ स्टुलावर तशाच बसून राहिल्या. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी त्यांचं डोकं दुखत होतं. चौथ्या रविवारी केस ओले होते. पाचव्या रविवारी काहीच सांगितलं नाही, सरळ जाऊन झोपल्या.

काकाजी स्टुलापाशी उभे. आधी त्यांना कॅमेऱ्याची शंका आली. मग फ्लॅशनं तिचे डोळे दुखतात का अशी शंका आली, पण दुपारी फ्लॅश लागतच नव्हता. शेवटी त्यांनी मला आत पाठवलं. "कावून येऊन नाही राहिली, विचार तिले. मी विचारलं तं सांगनार नाही."

काकू झोपल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी विचारलं. तशाच, भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "पहले वीस मिनिटं लागत. कसं का असेना, वीस मिनिटं मानूस माझ्याकडं पाहे. आता ते मशीनच पाह्यते. मशीनीनं माझ्याकडं कावून पाहावं?"

मी बाहेर येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सांगताना मला हसू येत होतं, आणि काकाजीही हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि कॅमेरा मांडीवर घेऊन त्याच्याकडे पाहत राहिले. त्या आठवड्यात त्यांनी एकही फोटो काढला नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका भिंग घेऊन पहिल्यापासून वाचून काढली. शनिवारी त्यांनी मला भिंगाच्या कडेचं एक बारीक बटन दाखवलं. ते खाली सरकवलं की घिर्र बंद. मग कडी हातानं फिरवावी लागे. मी म्हटलं, त्यापेक्षा रशियन काढा ना कपाटावरून. ते म्हणाले, ते नको. तिनं जावयाच्या कॅमेऱ्यावर रुसून बसावं, हे बरं दिसत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी स्टूल मांडलं आणि स्वतः आत जाऊन काकूंना बोलावलं. मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो. काकू आल्या, बसल्या आणि घिर्र ऐकू येईल म्हणून अंग चोरून वाट पाहू लागल्या. काही वाजलं नाही. काकाजी कडी फिरवत होते. त्या कॅमेऱ्याची कडी सैल, बोटभर रुंद, रशियन कडीसारखी हाताला धरून ठेवणारी नव्हे. शिवाय त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. हे आम्हाला कळलं पुढच्या वर्षी, त्यांना बहुधा तेव्हाच ठाऊक असावं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकूंनी चाचपडत एक वाक्य टाकलं. "हं," काकाजी म्हणाले. मग काकू सुरू झाल्या. पाच रविवारचं साचलं होतं. मी दोन वर्गांच्या वह्या संपवल्या तरी त्या बोलतच होत्या, आणि काकाजी कॅमेऱ्यामागून, एक डोळा घट्ट मिटून, हं म्हणत होते. उन्हाची तिरीप स्टुलावरून पेरूच्या बुंध्यावर गेली. शेवटी कधीतरी खट् झालं. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही, आणि काकाजींनीही डोळा काढला नाही.

रोल धुऊन आला तेव्हा मी तिथंच होतो. पेरूचं झाड पानन्‌पान स्पष्ट आलं होतं. त्याच्यापुढं काकू म्हणजे पिवळ्या लुगड्याचा एक मऊ ढग. दोन इंचांच्या चुकीसाठी आख्खा रोल रागानं फेकणारे काकाजी तो फोटो उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहत राहिले. "पेरू चांगला आला," एवढंच म्हणाले. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिला.

रिटायर झाल्यावर ती दोघं भिलाईतच हुडको वसाहतीत घर घेऊन राहिली. आता दोघंही नाहीत. अल्बमांची वाटणी झाली तेव्हा तो सुटा फोटो कोणालाच नको होता, म्हणून मी मागून घेतला. माझ्या टेबलाच्या काचेखाली असतो. परवा माझी मुलगी वाकून पाहत होती.

"पप्पा, ये कौन है? कुछ दिख ही नहीं रहा."

मी म्हटलं, काकू आहे.

तिनं पुन्हा पाहिलं, काचेला नाक लावून. "बात कर रही हैं क्या किसी से?"

"हो," म्हटलं, "बोलून राहिली."