हंसाच्या चोचीत काय होतं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. श्रीलंकेचे फोटो कपाटात का ठेवले, असं मुलगा विचारायचा, तेव्हा मी फ्रेम महाग झाल्यात असं काहीबाही सांगायचो.

टेंभुर्णीच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो आणि सर चित्रकला; एकमेकांना आम्ही सरच म्हणायचो. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. त्यांच्याकडे लंकेतल्या जुन्या विहारांचं एक पुस्तक होतं. अनुराधापुरात पायऱ्यांच्या पुढ्यात अर्धगोल कोरीव दगड असतो, त्याला चंद्रशिला म्हणतात. त्यावर हत्ती, घोडे, सिंह, बैल आणि आतल्या बाजूला हंसांची रांग. पुस्तकातला फोटो इतका पुसट, की हंसांनी चोचीत काहीतरी धरलंय एवढंच कळायचं. सर त्या दगडाचं चित्र पुन्हा पुन्हा काढायचे आणि चोची रिकाम्या सोडायचे. न बघता कसं काढावं, म्हणायचे. निवृत्त झालो की दोघं जाऊन बघू, असं ठरलेलं होतं.

निवृत्तीनंतर माझ्या मेहुण्यानं पाहुण्यारावळ्यांची लंकेची सहल जमवली. मी आम्हा दोघांची नावं दिली. सरांनी पासपोर्ट काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाला चहा पाजून त्यालाही त्यांनी चंद्रशिला समजावून सांगितली.

मग एक दिवस मेहुणा घरी आला. "दाजी, हॉटेलात दोघांत एक खोली हाय. सर माणूस चांगला, पण त्यांच्यासंगं राहणार कोण? आपली माणसं कुरकुर करून राह्यली."

सर बौद्ध, आम्ही गावातले जुने जमीनवाले. 'मी राहतो', एवढंच म्हणायचं होतं. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, सहल रद्द झाली. ते हसले. "मंग पुढच्या साली जाऊ. पासपोर्ट काय नासून चाललाय?"

सरांचं नाव गेल्यावर माणसं विषम झाली, म्हणून मला एकट्याला खोली मिळाली. आठही दिवस शेजारचा पलंग इस्त्रीच्या चादरीसकट तसाच राहिला. अनुराधापुरात बाकीची मंडळी दगड बघून पाच मिनिटांत खरेदीला गेले. मी कठड्याशी वाकून उभा राहिलो. हंसांच्या चोचीत काय आहे ते स्वच्छ दिसत होतं. वळून सांगावं असं शेजारी कुणी नव्हतं.

परतल्यावर मेहुण्यानं मावंदं घातलं. काशीहून आल्यावर घालतात तसं गावजेवण, वर परदेशवारीचं अभिनंदन म्हणून स्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स. मला न विचारता लावला होता. उतरवायला सांगायचं, तर का ते सांगावं लागलं असतं.

सर जेवायला आले. पंगतीत बसून बुंदी खाल्ली, मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. रद्द झालेल्या सहलीबद्दल एक शब्द काढला नाही. निघताना चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "सर, हंसाच्या चोचीत काय होतं हो?"

मेहुणा दोन पावलांवर उभा होता. मी म्हणालो, "गर्दी होती. बघायचं राहून गेलं."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. पुढं रस्त्यात भेटले की नमस्कार व्हायचा, पण त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही. मी जालन्याला राहायला आलो, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. टेंभुर्णीची बस रोज घरासमोरून जाते. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो.

गेल्या साली सर वारल्याचं कळलं तेव्हा त्याच बसनं गेलो. वहिनींनी त्यांची वही पुढं ठेवली. शेवटच्या पानावर चंद्रशिला होती, चोची रिकाम्याच. तिथंही मी चहा पिऊन परत आलो.

सर, सहल रद्द झाली नव्हती. तुमच्यासंगं मी राहतो, एवढं मला म्हणता आलं नाही. हंसाच्या चोचीत कमळाची कळी आहे, देठासकट. मी ती नीट बघितली होती. मला माफ करा.