वाणातला पितळी पंप

सन १९३६, अधिक भाद्रपद, शुद्ध दशमी. रक्कम एकवीस रुपये हाली, म्हणजे निजामी. हजर: सासरे, सासूबाई, माझी पत्नी, तिची धाकटी बहीण, त्या बहिणीचे यजमान म्हणजे माझे साडू, आणि मी. जागा सासऱ्यांची जालन्यातली कापसाची जिनिंग.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जाळीदार वस्तूंचं वाण देतात. मला अनारशांबरोबर चांदीची वाटी मिळाली, किंमत बारा रुपये. साडूंच्या ताटात अनारशांशेजारी एक पितळी पंप होता. मुंबईहून मागवलेला, अठरा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये; आपले हाली एकवीस.

"ह्याला जाळी कुठंय?" मी विचारलं.

"तोटीला भोक हाय की," सासरे म्हणाले.

साडू दोन वर्षं जिनिंगच्या शेडमध्ये विमान बांधत होते. सागाच्या पट्ट्या, त्यावर मेहुणीनं शिवलेलं मांजरपाट, आणि पुढे जुन्या मोटारसायकलचं इंजिन. सकाळी गार इंजिन पेटत नसे. पंखा फिरवून फिरवून त्यांचे खांदे भरून येत. हा पंप टाकीतलं पेट्रोल ओढून थेट इंजिनाच्या तोंडाशी फवारणार होता. मी इतकी वर्षं सासऱ्यांच्या कापसाचा हिशेब बिनचूक ठेवत होतो. माझ्या कामासाठी मुंबईहून कधी टाकसुद्धा आला नाही.

"जावई दोघं, मान एकच," मी सासऱ्यांना म्हणालो. "नऊ रुपयांचा फरक पडून राह्यला."

"बघू," ते म्हणाले आणि शेडकडे निघाले.

साडूंनी पंप विमानाच्या बैठकीसमोरच्या फळीत बसवला. इंजिनाच्या हादऱ्यानं तुटू नये म्हणून तांब्याच्या नळीला मधे एक वेटोळं दिलं आणि टोकाची तोटी इंजिनात आवळली. हात सफाईदार होता, हे मला बघावं लागलं. सासूबाईंनी पंख्याला हळद-कुंकू वाहिलं. माझ्या दौतीला त्यांनी कधी फूल वाहिलेलं आठवत नाही.

"साडूभाऊ, तुम्ही बसा. मी पंखा मारतो, तुम्ही पंपाचा दांडा दाबा. दोनदाच."

मी बसलो, दाबला. "जड जाऊन राह्यला."

"नवा हाय, म्हणून."

पंखा फिरला. इंजिन ढिम्म. पुन्हा दाबला, पुन्हा काही नाही. सासऱ्यांचा चेहरा उतरला. माझा उतरला नाही.

"एकवीस रुपये," मी एवढंच म्हणालो.

साडूंनी तोटी काढली, उजेडात धरली, मग नाकाशी नेली. "चिंच?"

"मीच घासला की काल," माझी पत्नी म्हणाली. "जावयाला द्यायचं पितळ असं काळं कसं द्यायचं? बाई, आत गेली का चिंच?"

"ताई, पेट्रोलची आमटी केली तुम्ही," साडू म्हणाले. सगळे हसले, सासरे सर्वांत मोठ्यानं. दांडा जड आहे हे आधी मी सांगितलं होतं. ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मेहुणीनं सुई दिली. चिंचेचा दोरा निघाला, तोटी परत बसली. मी दोनदा दाबला. या वेळी हलका गेला. पहिल्याच फेऱ्यात इंजिन पेटलं. सरकीची धूळ उडाली, सासऱ्यांची टोपी उडाली, आणि माझ्या पत्नीनं पदर सावरायचा सोडून टाळ्या वाजवल्या. तिची नजर पंखा मारून मागे सरलेल्या साडूंवर होती. विमानात मी बसलो होतो.

मी उतरल्यावर सासरे मला म्हणाले, "तुमचं बराबर होतं. मान एकच." कनवटीचे नऊ रुपये काढून त्यांनी ते थोरल्या लेकीच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या हातावर ठेवले, माझ्या देखत.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पेट्रोल लई लागत असंल," म्हणत तिनं ते तसेच साडूंपुढे धरले. त्यांनी "नको ताई" एकदा म्हटलं आणि घेतले.

नऊ रुपये हाली. दिले सासऱ्यांनी, हिशेबानं माझे. पोचले साडूंना, माझ्या पत्नीच्या हातून.