मैत्रेयीच्या खिडकीतला वास

मैत्रेयीच्या खिडकीतून आंबूस वास येई, म्हणून आर्णीत कुजबुज होती, बाई घरात दारू गाळते. मीही, तिच्या शेजाऱ्यानं, ती चवीनं पसरवली, खोटं कशाला बोलू?

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तिच्या नवऱ्याचं, इंद्रजितचं, तोंड बोटभरच उघडायचं. पोळी जाईना, माणूस वाळत चालला. नागपूरला दवाखान्याबाहेर मिळालेला चीज भरलेला मऊ पाव तेवढा त्यानं गिळला होता. तोच करायला मैत्रेयी दूध, लोणी, यीस्ट घालून मैदा मळी आणि शिटी काढलेल्या कुकरात मिठावर भाजायची. पाव दरवेळी बसून कडक होई.

"काहून रडून राह्यली वो, पोरी?" एका दुपारी मी तिच्या खिडकीतून विचारलं.

"आठव्यांदा फेकले, काकाजी. आज त्यायनं तोंडच उघडलं नाही."

घरात दारू नव्हती. मेच्या उन्हात मैदा जास्त आंबत होता.