टीव्हीतल्या जंगलातली बाई

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या एसटी स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. लोडशेडिंगचे दिवस होते ते. गोंदियाच्या बसची वाट बघत मी त्या दुकानाच्या दारात उभा राहायचो. बाजाराच्या दिवशी तिथे एक बाई हमखास दिसायची, पन्नाशीकडे झुकलेली. डिंक विकून रिकामी झालेली टोपली पायाशी ठेवायची आणि खेळाचा रिमोट हातात घ्यायची.

तिचा खेळ ठरलेला होता. बनवणाऱ्यानं एवढ्याशा कॅसेटमध्ये अख्खं जंगल बसवलं होतं. नदी, भुयारं, चालताना मागे सरकणारे डोंगर. फक्त खेळ अर्धवट राहिला तर तिथूनच पुढे खेळायची सोय नव्हती. बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावरच्या माणसानं उडी मारली की तिच्याही टाचा उचलायच्या.

एकदा ती शेवटच्या भुयारात पोचली. बघ्यांतला एक जण हसला, "काऊन बाई, घरी काम नाही का?"

नजर न हलवता ती म्हणाली, "घरचं करून आली. आता माहं करून राहिली."

तेवढ्यात लाईट गेली.

"झालं! जा आता," तो म्हणाला. ती हलली नाही. तिची देवरीची बस लागली, कंडक्टरनं हाका मारल्या.

"जाऊ दे तिले. दुसरी हाय," ती म्हणाली.

हट्टाला मोठं कारण लागतं, असं मला तोवर वाटायचं. लाईट आली, तेव्हा ती पहिल्या झाडापासून पुन्हा निघाली. मी माझ्या बसमध्ये चढलो. खिडकीतून पाहिलं, तर तो हसणारा माणूस तिच्या मागे उभा राहून खेळ बघत होता.