राखेतलं बी

रोहणा गावच्या गोपिकाबाईंच्या काटेरी वांग्यांचं बी सासूकडून आलेलं. त्याचा त्यांना भारी तोरा. गावात कोणी हात पसरला, तर वांगी द्यायच्या, बी नाही. पोरीचं मात्र वेगळं. आचल लग्न होऊन साताऱ्याकडे गेली आणि तिनं बी मागितलं, तेव्हा बाईंनी घरच्या रीतीप्रमाणे ते चुलीच्या राखेत कालवलं, पाकिटात भरलं आणि पोस्टात टाकलं.

पाकीट वाटेतच फाटलं. तिकडच्या पोस्टात करडी भुकटी सांडलेली पाहून सगळे हबकले. आचलला बोलावून घेतलं, चार लोकांसमोर पाकीट उघडायला लावलं. नवी सून लाजेनं अर्धी झाली. फोनवर म्हणाली, "आई, राख काऊन पाठवली वं? मले तोंड दाखवाले जागा नाई राह्यली."

गोपिकाबाईंनी ते बोलणं मनाला लावून घेतलं. गावच्या पोस्टातल्या किशोरला त्यांनी जाब विचारला, "राख म्हंजे विष आहे का?"

"काकू, बी जाते पोस्टानं," किशोर म्हणाला. "पन भुकटी गळून राह्यली, तर कोनाले का समजन आत का आहे?"

राख सोडायला बाई तयार नव्हत्या. राखेशिवाय बियाला कीड लागते. मग बंडूजींची, म्हणजे नवऱ्याची, चुन्याची डबी त्यांनी धुऊन वाळवली. तिच्यात राखेसकट बी भरलं, वरून मांजरपाट दुहेरी टाक्यानं शिवलं. डबी सुखरूप पोहोचली. बंडूजी मात्र बरेच दिवस डबी शोधत होते.

मागच्या वर्षी घात झाला. बियासाठी झाडावर पिवळी होऊ दिलेली वांगी रानडुकरांनी एका रात्रीत फस्त केली, आणि घरातलं बी तर आधीच पेरून संपलेलं. गोपिकाबाई खचल्या. सासूची वस्तू आपल्या हातून गेली, हे दुःख त्यांना गावात सांगताही येईना, कारण गावात कोणाला त्यांनी बी दिलंच नव्हतं. शेवटी बंडूजींनीच गुपचूप पोरीला फोन लावला.

आठवड्याभरानं किशोर दारात आला. हातात मांजरपाटात शिवलेली पुडी, टाके दुहेरी. बाईंनी ती कानाशी हलवली आणि आत काय आहे ते ओळखलं. उसवली, तर तीच चुन्याची डबी, आणि डबीत राख.

"पोस्टात काई म्हनलं नाई का कोनी?" त्यांनी फोनवर विचारलं.

"विचारलं ना, आत का आहे म्हनून," आचल म्हणाली. "मी सगळ्यांसमोर सांगतलं, राख आहे, अन् राखेत माह्या मायचं बी आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि राखेतलं बी चिमटीनं निवडायला घेतलं.

यंदा आर्वीच्या बाजारात त्यांच्या वांग्यांपुढे पुन्हा गर्दी असते. बी कुठलं, असं कोणी विचारलं, की त्या आता सासूचं नाव घेत नाहीत. "माह्या पोरीच्या घरचं आहे," म्हणतात, आणि मागितलं तर चिमूटभर देतातही.